कुत्र्याचा खोकला: आधी ओळखा, मोजा, मग औषधाचं बघा

कुत्रा खोकायला लागला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "याच्या घशात काहीतरी अडकलंय." असं वाटण्याचं कारणही तसंच असतं. कुत्रा मान पुढे ताणतो, कोपरं बाहेर काढतो, पाठ वाकवून दोन-तीनदा ढास देतो आणि शेवटी "खॅक" करून जमिनीवर थोडा पांढरा फेस टाकतो. बघणाऱ्याला हाड अडकल्यासारखंच दिसतं. खरं तर बहुतेक वेळा घशात काहीच नसतं. खोकल्याची उबळ संपताना कुत्र्याला ओकारी येते आणि तोंडातली लाळ, श्वासनलिकेतला थोडा चिकटा फेस होऊन बाहेर पडतो. म्हणून "उलट्या होतायत" म्हणून दवाखान्यात आणलेला कुत्रा पुष्कळदा खोकल्याचा निघतो आणि पोटाची औषधं घेण्यात आठवडा वाया गेलेला असतो.

उलटीत पोट जोरजोरात आत-बाहेर होतं आणि अन्न किंवा पिवळं पित्त पडतं. खोकल्यात आधी छातीतून आवाज येतो, ओकारी सगळ्यात शेवटी. तिसरा प्रकार उलट दिशेने, म्हणजे आत ओढल्या जाणाऱ्या शिंकेचा. कुत्रा उभ्या जागी थिजतो, मान ताणतो आणि नाकाने हवा आत ओढताना घर्र-घर्र असा भयंकर आवाज काढतो. पाच-दहा सेकंदांपासून मिनिटभर हे चालतं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात तो शेपटी हलवत निघून जातो. पग, शिह त्झू, पॉम यांच्यात हे नेहमीचं आहे. खोकल्यात हवा झटक्याने बाहेर पडते, इथे ती आत ओढली जाते. फरक एवढाच लक्षात ठेवा. गळ्यावरून हलकेच हात फिरवला, म्हणजे त्याने एकदा गिळलं, की ते थांबतं. रोज अनेकदा व्हायला लागलं किंवा नाकातून रक्त, पू आला, तरच दाखवा.

घशात बोटं घालण्यापूर्वी

हे सगळ्यात आधी सांगायला हवं. रेबीज झालेला कुत्रा दरवेळी पिसाळून अंगावर येतोच असं नाही. रेबीजच्या मुक्या प्रकारात घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, पाणी गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटतं हाड अडकलं, आणि मायेपोटी माणूस तोंडात हात घालतो. रस्त्यावरचा, गावातला किंवा रेबीजची लस वेळेवर न दिलेला कुत्रा असा दिसला तर तोंडात हात घालू नका, त्याला एकटं कोंडून ठेवा आणि पशुवैद्यकांना कळवा. हातावरच्या जखमेला, ओरखड्याला किंवा डोळ्या-ओठांना लाळ लागलीच असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, डोळे-तोंड नुसत्या भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. उद्यावर टाकू नका.

खरोखर अडकलं असेल तर

खरं अडकल्यावर चित्र वेगळं असतं. कुत्रा घाबरलेला असतो, पंजाने तोंड ओरबाडतो, आवाज फुटत नाही, जीभ निळसर पडायला लागते. जोवर तो जोरात खोकू शकतोय तोवर त्याला खोकू द्या. त्याच्या खोकल्याएवढा जोर तुमच्या हातात नाही. श्वासच बंद झाला असेल तर मात्र थांबू नका. लस दिलेला, ओळखीचा कुत्रा असेल तर जबडा उघडून बघा. वस्तू दिसत असेल आणि चिमट्यात येत असेल तरच काढा. दिसत नसताना बोट घातलं तर ती आणखी खाली जाते. लहान कुत्र्याला मागच्या मांड्यांनी उचलून डोकं खाली करा आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा द्या. नाहीच निघालं तर त्याची पाठ आपल्या छातीशी घ्या, बरगड्या जिथे संपतात त्याच्या लगेच मागे मूठ ठेवा आणि आत व वरच्या दिशेने पाच झटके द्या. मोठ्या कुत्र्याला उचलायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या मागे उभं राहून पोटाभोवती हात घाला आणि हेच करा. वस्तू निघाली तरी दवाखाना चुकवू नका, कारण घशाला आतून इजा झालेली असते.

पावसाळा सरला की माळरानातलं गवत वाळतं आणि त्याचं कुसळ नाकातून किंवा तोंडातून आत जातं. ते काट्यासारखं पुढेच सरकतं, मागे येत नाही. शेतात, टेकडीवर फिरून आलेल्या कुत्र्याला अचानक खोकला लागला आणि दोन-तीन आठवडे प्रतिजैविकांनी थोडा दबतो नि पुन्हा उठतो, असं झालं तर डॉक्टरांना कुसळाची शंका जरूर बोलून दाखवा.

आवाज कसा, वेळ कोणती

खोकला हा रोग नव्हे. तो स्वरयंत्र, श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या फांद्यांना काहीतरी टोचतंय याची खूण आहे. कुठे टोचतंय हे आवाजावरून आणि वेळेवरून बरंचसं कळतं.

बदक ओरडल्यासारखा, ठणठणीत कोरडा खोकला, आणि तोही पट्टा ओढल्यावर, आनंदात उड्या मारताना किंवा बेल वाजल्यावर येणारा, हा श्वासनलिकेचा असतो. तसाच कोरडा, पण दोन-चार दिवसांत अचानक सुरू झालेला आणि आधीच्या आठवड्यात दुसऱ्या कुत्र्यांशी गाठ पडलेली, तर तो संसर्गाचा. ओलसर, खाली दबलेला, खोकल्यानंतर कुत्रा काहीतरी गिळतोय असं दिसणारा खोकला फुप्फुसाकडे बोट दाखवतो. रात्री झोपेतून उठवणारा किंवा पहाटेचा खोकला लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यात असेल तर हृदयाचा विचार करावाच लागतो. पाणी पिताना किंवा जेवताना दरवेळी ठसका लागत असेल तर गिळण्यात किंवा स्वरयंत्रात गडबड आहे; वयस्क लॅब्रॉडॉरमध्ये स्वरयंत्राचा लकवा असाच सुरू होतो, त्याआधी त्याचं भुंकणं बदललेलं असतं.

दवाखान्यात गेल्यावर कुत्रा हमखास खोकत नाही. म्हणून मोबाईलवर दोन चित्रफिती काढून ठेवा: एक खोकताना, बाजूने, पूर्ण धड दिसेल अशी, दुसरी झोपेत श्वास घेतानाची. लांबलचक वर्णनापेक्षा डॉक्टरांना यातून जास्त कळतं.

झोपेतला श्वास मोजा

या पूर्ण लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. त्याला उपकरण लागत नाही, खर्च नाही, आणि फुप्फुसात पाणी साठतंय हे खोकला वाढण्याच्या आधी इथे दिसतं.

कुत्रा गाढ झोपू द्या. पंजे थरथरतायत, डोळे पापणीखाली फिरतायत, म्हणजे स्वप्न पडतंय, तेव्हा मोजू नका; श्वास तेव्हा वेडावाकडा असतो. फिरून आल्यावर लगेच किंवा उकाड्यात पंख्याविना झोपलेला असताना मोजलेला आकडाही खोटा येतो. शांत झोपलेल्या कुत्र्याच्या शेवटच्या बरगड्यांकडे बघा. कूस वर गेली आणि खाली आली की एक श्वास. वर एक, खाली दुसरा असं मोजलं की आकडा दुप्पट होतो आणि घरात घबराट उडते. ही चूक फार जण करतात. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. केस दाट असतील तर कुशीवर एखादा हलका कागद ठेवा, त्याची हालचाल स्पष्ट दिसते.

निरोगी कुत्र्याचा झोपेतला श्वास मिनिटाला ३० च्या आत असतो, बहुतेकांचा त्याहूनही बराच कमी. दोन तासांच्या अंतराने दोनदा मोजूनही ३० च्या वर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ४० च्या वर आणि पोटाचा जोर लावून श्वास चाललाय असं दिसलं तर फोनवर बोलत बसू नका, निघा. आठवडाभर रोज रात्री मोजून कॅलेंडरवर आकडा टाका. एरवी १६ वर असणारा कुत्रा २६ वर गेला, तर तो ३० च्या आत असूनही ती बातमी आहे.

याच्या जोडीला दोन गोष्टी. हिरडी गुलाबी आणि ओलसर असायला हवी; बोटाने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा. ताप गुदद्वारातच मोजायचा, डिजिटल तापमापीला थोडं खोबरेल लावून, टोक साधारण दोन सेंटिमीटर आत. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं: १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट हे नेहमीचं. शांत बसलेल्या कुत्र्यात १०३ च्या वर गेला तर ताप. नाक कोरडं आहे की ओलं यावरून तापाचा अंदाज बांधू नका, तो चुकतो.

वाट बघायचीच नाही अशी वेळ

जीभ किंवा हिरड्या निळसर, राखाडी किंवा पांढऱ्याफटक. कुत्रा आडवा होत नाही, कोपरं फाकवून, मान ताणून बसून राहतो. खोकल्यात रक्त किंवा गुलाबी फेस. खोकता खोकता भोवळ येऊन पडला. ताप आणि त्यासोबत जेवण बंद. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू. यातलं काहीही असेल तर रात्र असली तरी जा. नेताना त्याला कुशीत घट्ट आवळू नका, झोपवायची सक्ती करू नका, ज्या स्थितीत श्वास सुखाचा वाटतो त्या स्थितीत बसू द्या. गाडीत गारवा ठेवा. तोंडातून पाणी, औषध, मध काहीही घालू नका. धाप लागलेला कुत्रा ते फुप्फुसात ओढतो.

दिवाळी नि मे महिन्यानंतरचा खोकला

घरची मंडळी गावाला जातात, कुत्रा बोर्डिंगमध्ये राहतो आणि परत आल्यावर तीन ते दहा दिवसांत खोकायला लागतो. हा केनेल कफ. एकाच जंतूचं हे काम नसतं. बोर्डेटेला नावाचा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा आणि अॅडेनो हे विषाणू, मायकोप्लाझ्मा, असे दोन-तीन मिळून श्वासनलिकेच्या आतल्या केसाळ अस्तराला खरवडतात. ते अस्तर चिकटा आणि धूळ वर ढकलत असतं. तेच दुखावलं की साध्या गार हवेनेसुद्धा ढास लागते. म्हणून जंतू गेल्यावरही खोकला रेंगाळतो.

कुत्रा खातोय, खेळतोय, ताप नाही आणि नुसता कोरडा खोकला आहे, असं असेल तर बहुतेक केनेल कफ एक ते दोन आठवड्यांत, कधी तीन आठवड्यांत, आपोआप ओसरतो. त्याला प्रतिजैविकाची गरज बहुधा नसते. खोकल्यासोबत ताप, सुस्ती, नाकातून घट्ट हिरवट-पिवळा स्राव आला की मात्र न्यूमोनियाकडे वाटचाल आहे असं समजा आणि दाखवा.

घरी करायचं ते साधं आहे. पट्टा काढून छातीवरचा हार्नेस लावा. दोन आठवडे धावणं, चेंडू, जिन्यावर पळापळ बंद. शी-शूपुरतं सावकाश चालवून आणा. दिवसातून दोनदा १० ते १५ मिनिटं न्हाणीघर गरम पाण्याच्या वाफेने भरून तिथे कुत्र्याजवळ बसा. त्याला वाफेच्या भांड्याजवळ नेऊ नका, भाजतं. आणि पाण्यात निलगिरीचं तेल, कापूर, बाम यातलं काही घालू नका. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला वाफेच्या उकाड्यानेच धाप लागू शकते, त्याला हा उपाय नको. कोरडे दाणे घशाला टोचतात म्हणून आठवडाभर ते कोमट पाण्यात भिजवून द्या, किंवा मऊ भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाल्याविना. मध चालतो: लहान कुत्र्याला अर्धा, मोठ्याला एक छोटा चमचा, दिवसातून दोनदा. मधुमेही कुत्र्याला आणि वर्षाच्या आतल्या पिल्लाला मध नको.

घरात दुसरा कुत्रा असेल तर खोकला दिसेपर्यंत त्याला लागण झालेलीच असते, तरी भांडी वेगळी ठेवा. बाहेरच्या कुत्र्यांपासून निदान दोन आठवडे लांब; खोकला थांबल्यावरही बोर्डेटेला काही आठवडे बाहेर पडत राहतो. फरशी आणि भांडी आधी साबणाने धुवा, मग एक लिटर पाण्यात ३० मिलिलिटर घरगुती ब्लीच घालून पुसा, दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुऊन टाका. मांजरालाही बोर्डेटेला लागू शकतो. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा अवयवरोपण झालेलं असेल तर त्यांनी खोकणाऱ्या कुत्र्याची सेवा करू नये.

पुढच्या सुटीआधी लस द्यायची असेल तर आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही. नाकात टाकायची लस लवकर काम करते, तरी आठवडाभर आधी द्या. इंजेक्शनची असेल तर पहिल्या वेळी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे दीड महिना आधी सुरुवात हवी. लस घेतलेल्याला खोकला होतच नाही असं नाही, पण तो हलका जातो.

पिल्लू खोकतंय

पिल्लाच्या खोकल्याला "सर्दी झाली असेल" म्हणून कधीच सोडू नका. लस न झालेल्या पिल्लाला खोकल्यासोबत डोळ्यांत आणि नाकात घट्ट चिकट घाण, ताप, जुलाब असतील तर डिस्टेंपर हा विषाणूचा रोग डोक्यात ठेवूनच चालावं लागतं. पुढे नाकाची आणि पंजाच्या तळव्याची कातडी जाड, खरबरीत होते. आणि सगळ्यात घात करणारी गोष्ट ही की खोकला, जुलाब बरे होऊन पिल्लू खायला लागतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि मग काही आठवड्यांनी जबडा किंवा एखादा पाय ठेका धरल्यासारखा उडायला लागतो, झटके येतात. विषाणू मेंदूत पोचलेला असतो. या विषाणूला मारणारं औषध नाही. सलाइन, पोषण, न्यूमोनियासाठी प्रतिजैविक, झटक्यांचं औषध, एवढंच हातात असतं. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह दगावले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला होता. सिंहाची ही गत, तर दोन महिन्यांच्या पिल्लाची काय कथा.

लस मात्र खूप चांगली आहे. सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत, वर्षाने पुन्हा. शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतर पडणं महत्त्वाचं, कारण तोवर आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यं पिल्लाच्या रक्तात असतात आणि ती लसच निकामी करतात. "दोन इंजेक्शनं दिली होती, तरी झालं" असं होतं ते यामुळेच.

दुसरं कारण जंत. गोलकृमी आईच्या पोटातच पिल्लात शिरतात. अळ्या यकृतातून फुप्फुसात येतात, खोकल्यासोबत घशात येतात आणि गिळल्या जाऊन आतड्यात मोठ्या होतात. पोट फुगलेलं, अंगावर तकाकी नाही आणि बारीक खोकला, असं पिल्लू आपल्याकडे घरोघर दिसतं. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत, मग सहा महिने होईतो महिन्याला एकदा. मात्रा वजनावर असते, म्हणून पिल्लाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन घ्या.

तिसरं कारण आपल्याच हाताने घडतं. अनाथ पिल्लाला उताणं झोपवून ड्रॉपरने दूध पाजलं की ते फुप्फुसात उतरतं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया. पिल्लू पोटावर असावं, डोकं किंचित वर, जसं ते आईला पितं तसं. दूध नाकातून आलं की तिथेच थांबा. मोठ्या कुत्र्याला पातळ औषध देतानाही हेच: मान वर करून घशात ओतू नका, सिरिंज गालाच्या फटीतून घाला, एकेक मिलिलिटर, गिळलं की पुढचं.

पॉमचा बदकासारखा खोकला

पॉमेरेनियन, यॉर्कशायर, चिवावा, टॉय पूडल यांची श्वासनलिका कूर्चेच्या इंग्रजी "सी" अक्षरासारख्या कड्यांनी ताठ राहते. कड्या वयानुसार लुळ्या पडल्या की नळी चपटी होते, श्वासागणिक तिचं छत खाली लोंबतं आणि तेच घासून खोकला येतो. खोकल्याने सूज, सुजेने आणखी खोकला, असं चक्र लागतं. याला प्रतिजैविकांचा कोर्सवर कोर्स देऊन काही होत नाही.

इथे वजन हे पहिलं औषध आहे. चार किलोच्या कुत्र्यावर एक किलो चरबी म्हणजे अंगाचा चौथा हिस्सा, आणि ती छातीला, पोटाला दाबत बसते. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. बिस्किटं, चपातीचा तुकडा, दुधाची साय बंद केली तर दोन-तीन महिन्यांत वजन उतरतं आणि पुष्कळांचा खोकला निम्मा होतो. गळ्यातला पट्टा कायमचा सोडा. मे महिन्यात सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच फिरवा. धापा टाकल्या की ही नळी आणखी मिटते. बेल वाजली की वेड्यासारखा भुंकत असेल तर बेलच बदलून बघा, एवढ्यानेही फरक पडतो. उबळ थांबत नसेल तर डॉक्टर खोकला दाबणारं औषध देतात, इथे ते योग्य असतं. अगदी हाताबाहेर गेलेल्यांत नळीत आधाराची जाळी बसवतात.

हृदयाचा खोकला आणि त्यातली फसगत

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या लहान जातीच्या कुत्र्यांत हृदयाची झडप जाड होऊन गळायला लागते. डावा कप्पा फुगतो आणि वरून जाणाऱ्या श्वासनलिकेच्या फांदीला दाबतो. खोकला येतो तो त्याने. अडचण अशी की याच जातींत श्वासनलिकाही लुळी पडते, म्हणजे हृदयात मर्मर (गळक्या झडपेचा फुसफुस आवाज) ऐकू आला म्हणून खोकला हृदयाचाच असेल असं नाही. फरक एक्स-रे आणि सोनोग्राफीने कळतो, आणि घरी झोपेतल्या श्वासाच्या आकड्याने. आकडा रोज १८-२० वर ठाम असेल तर फुप्फुसात पाणी असण्याची शक्यता फार कमी. डॉबरमन आणि ग्रेट डेनमध्ये झडपेपेक्षा हृदयाचा स्नायूच पातळ होतो आणि ती गोष्ट अचानक उघड होते.

निदान झाल्यावर लघवीचं औषध, बहुधा फ्युरोसेमाइड, आणि हृदयाला बळ देणारं पिमोबेंडान सुरू होतं. पिमोबेंडान जेवणाआधी तासभर. फ्युरोसेमाइडने कुत्रा भरपूर पाणी पितो, घरात लघवी करतो. तो त्रास आपला, पाण्याचं भांडं काढून घेऊ नका, मूत्रपिंड जातात. फरसाण, पापड, वेफर्स, खारं चीज पूर्ण बंद. खोकला थांबला म्हणून गोळ्या थांबवणं, हीच इथली सगळ्यात मोठी चूक आहे. आणि आधीच्या वेळची चिठ्ठी बघून औषध दुकानातून स्टेरॉइडची गोळी आणू नका: ब्रॉन्कायटिसमध्ये, म्हणजे श्वासनलिकेच्या फांद्यांच्या सुजेत, जी गोळी वरदान ठरते तीच कमकुवत हृदयाच्या कुत्र्याला पाणी साठवून दवाखान्यात पोचवते.

दोन महिन्यांहून जास्त जवळजवळ रोज खोकणारा, एरवी ठणठणीत, मध्यमवयीन कुत्रा म्हणजे बहुधा जुनाट ब्रॉन्कायटिस. अगरबत्ती, ऊद, डासांची कॉइल, सिगारेट, चुलीचा धूर, फवारे हे आधी घराबाहेर काढा. कुत्र्याचं नाक जमिनीजवळ असतं आणि कॉइलही जमिनीवरच असते. औषध म्हणून मास्क लावून इन्हेलरनेही स्टेरॉइड देता येतं, पोटातून देण्यापेक्षा त्याचे दुष्परिणाम कमी.

न केलेल्या नसबंदीमुळे स्तनांत गाठी झालेल्या कुत्रीला खोकला लागला तर छातीचा एक्स-रे आधी काढा, गाठी फुप्फुसात पसरलेल्या असू शकतात. ईशान्य भारतातून आणलेल्या कुत्र्यात डासांनी पसरणाऱ्या हृदयकृमीचीही तपासणी करा.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका

माणसांच्या खोकल्याच्या बाटलीत एक औषध नसतं, तीन-चार असतात. त्यातलं फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन कुत्र्याचं हृदय बेफाम पळवतं. पॅरासिटामॉल यकृत आणि रक्तपेशी बिघडवतं. आयबुप्रोफेनने पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड बंद पडतं. साखरविरहित सिरपमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते. शिवाय ओला खोकला दाबला की कफ आतच साचतो. कांद्या-लसणाचा काढा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. बाम किंवा कापूर छातीला चोळला तर तो चाटतो आणि तो विषारी आहे. हळदीच्या दुधाने खोकला जात नाही, जुलाब मात्र होतात.

दवाखान्यात नेताना

चित्रफिती, श्वासाचे आकडे, लसीकरणाचं पुस्तक, गेल्या महिन्यात दिलेल्या सगळ्या औषधांची वेष्टनं आणि कुत्र्याचं आजचं वजन घेऊन जा. खोकला कधीपासून, दिवसातून किती वेळा, कशाने वाढतो, बाहेरचे कुत्रे भेटले का, हे चार ओळींत लिहून न्या. छातीचा एक्स-रे सांगितला तर एकाच बाजूचा काढून भागवू नका. दोन्ही कुशींवरचा आणि उताणा असे तीन काढले की लपलेली गाठ किंवा न्यूमोनिया सुटत नाही. धाप असेल तर आधी प्राणवायू, मग एक्स-रे. हा क्रम डॉक्टरांकडे आग्रहाने मागा. सोनोग्राफी जवळ होत नसेल तर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत फोन करून विचारा.

औषध सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी रात्री पुन्हा श्वास मोजा आणि खोकल्याचा हिशेब आधीच्या कागदाशी ताडून बघा. फरक नसेल तर डॉक्टर बदलण्याआधी त्याच डॉक्टरांना तो कागद दाखवा. पहिलं औषध लागू पडलं नाही, हीसुद्धा त्यांच्यासाठी निदानाची एक पायरी असते.